भीमेच्या काठानं लूप लाईनच्या मागावर

आमच्या मिलिंदला गाता येतं हे त्याच्या बायकोला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं, आणि तेही डॉक्टरांच्या खोलीत. गळ्यातली गाठ चाचपून झाल्यावर डॉक्टरांनी सहज विचारलं, "तुम्ही गाता का?" मिलिंद म्हणाला, "गात होतो." वैशाली त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, घाबरायचं काही नाही. पण ती आवाजाच्या नसेला लागून आहे. काढताना आम्ही जपू, तरी आवाज बदलू शकतो. वरच्या पट्टीतला तर जाईलच असं धरून चाला. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं.

मी मिलिंदची थोरली बहीण. सोलापुरात माझी खाणावळ आहे, कॉलेजची पोरं आणि नोकरदार मंडळी जेवायला असतात. त्या दिवशी मिलिंद खाणावळीत येऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला. ताट वाढलं तर जेवेना. मग म्हणाला, "ताई, मला एकदा बिरूच्या ढोलावर गायचंय. आवाज आहे तोवर. टेप करून ठेवायचंय." मला रडू आलं आणि रागही आला. एवढी वर्षं तोंडातून ब्र काढला नाही आणि आता ह्याला गाणं आठवलं! पण भावाला नाही कसं म्हणायचं? खाणावळ शेजारच्या मावशींवर सोपवली, पिशवीत कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी भरली आणि आम्ही दोघं निघालो.

बिरू म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवं. नव्वदीच्या शेवटाला मिलिंद दौंडला मामाकडे राहून कॉलेज करत होता. मामा रेल्वेत. तिथं चार पोरांनी मिळून एक बँड काढला होता, नाव 'लूप लाईन'. मोठी गाडी पुढं जावी म्हणून लहान गाडी बाजूच्या ज्या रुळावर उभी करतात, ती लूप लाईन. मिलिंद गायचा, फेलिक्स गिटार वाजवायचा, संपत बेस गिटार, आणि बिरू ढोल. बँड जेमतेम दोन वर्षं चालला. दौंड आणि शिरूर तालुक्याबाहेर त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, आणि तालुक्यातही किती जणांना आठवत असेल याची मला शंकाच होती. तो कसा मोडला हे मिलिंदनं घरी कधी सांगितलं नाही.

दौंड

आम्हा सोलापूरकरांना दौंड म्हणजे खिडकीतून दिसणारं स्टेशन. पुण्याला जाता-येता गाडी तिथं रेंगाळते, आपण चहा घेतो, आणि दौंडला गाव आहे हे विसरून जातो. मीही पहिल्यांदाच स्टेशनबाहेर पडले. रेल्वेची कॉलनी निराळीच. दगडी क्वार्टर, पुढं कडुलिंब, एका बाजूला चर्च, आणि भर सकाळी खिडक्यांना जाड पडदे. मी म्हटलं, ही माणसं अजून उठली नाहीत की काय? मिलिंद म्हणाला, "हळू बोल ताई. रात्रपाळीवाले झोपलेत. इथं कायम कुणीतरी झोपलेलं असतंच."

फेलिक्स आता मालगाडीवर गार्ड आहे. रेस्टवर होता, लुंगीतच दारात आला. त्यानं मिलिंदला असं मिठीत घेतलं की मला वाटलं, गाठ डॉक्टरांच्या आधी हाच काढणार. "मिल्या! किती मोटा झाला रे तू!" मग गळ्याची गोष्ट कळल्यावर आत जाऊन गिटार घेऊन आला. तारांना गंज चढला होता. बाहीनं पुसत बसला.

त्याच्या बायकोनं, रोझीनं, जेवायला पिवळा भात आणि खिम्याच्या गोळ्यांची आमटी केली होती. त्याला ती बॉल करी म्हणते. नारळाच्या दुधातला भात आणि वर झणझणीत रस्सा, पहिल्या घासाला माझ्या सोलापुरी जिभेला ते पटेना, तिसऱ्या घासाला मी मसाल्याचं प्रमाण विचारत होते. माझी कडक भाकरी बघून रोझी म्हणाली, "यह तो पापड है!" मी म्हटलं, पापड नाही गं बाई, ही महिनाभर टिकते. तिनं एक मोडून बॉल करीत बुडवली आणि मान डोलावली. तिथंच आमची गट्टी जमली.

जेवताना फेलिक्सनं बँडची जन्मकथा सांगितली. आधी ही पोरं इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबच्या, मागच्या खोलीत वाजवायची. गार्ड-ड्रायव्हर लोक झोपेतून उठून काठ्या घेऊन यायचे. "एक अंकल तर बनियनवर आला आणि बोलला, मी आता चोवीस डब्यांची गाडी आणली आहे, तुम्ही माझ्या डोक्यात पंचविसावा जोडू नका." शेवटी तिथून हाकललं. मग संपतच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामान भरून पोरं बिरूच्या रानात, वडगाव रासाईला जायला लागली. तिथं कुणाची झोप मोडायची भीती नव्हती, मेंढरं तेवढी दचकायची.

"आणि बिरू कसा भेटला?" मी विचारलं.

"जत्रेत. धनगरांचा गजा चालला होता. पन्नासेक माणसं नाचतात, मध्ये ढोल. एक पोरगा असा वाजवत होता, असा... मी बोललो, हाच आपला ड्रमर. पण ताई, एक गडबड होती. बिरू ताल मोजायचा नाही. वन-टू-थ्री-फोर त्याला कळायचंच नाही. तो पाय बघायचा."

"पाय?"

"गजात तसंच असतं. नाचणाऱ्यांचे पाय बघून ढोल चालतो. मग आम्ही काय केलं, मिल्याला सांगितलं, तू पाय आपट. हा पाय आपटत गायचा आणि बिरू खाली बघून वाजवायचा. पब्लिकला वाटायचं, काय नाचतो हा हीरो!"

मिलिंद हसला. ऑपरेशन ठरल्यापासून पहिल्यांदा हसला, म्हणून मी फेलिक्सला भाताचा आणखी एक डाव वाढला. घर त्याचं होतं, पण माझी सवय जाते थोडीच!

फेलिक्स आमच्याबरोबर निघाला. रोझीनं त्याचा जुना टेपरेकॉर्डर, नवे सेल आणि कोरी कॅसेट माझ्या हातात दिली. म्हणाली, "ह्या दोघांच्या हातात देऊ नका. दोघंही वेंधळे आहेत."

पाटस

दौंडहून पाटस लांब नाही, पण हंगाम चालू होता. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या शिंगांना रंगीत रिबनी, ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी. आमची जीप त्यांच्यामागं गोगलगायीसारखी. हवेत मळीचा वास. आमच्याकडेही कारखाने आहेत, हा वास मला नवा नाही. पण फेलिक्सनं रुमाल नाकाला लावला तो उतरेपर्यंत काढला नाही. डिझेलच्या धुरात जन्म गेला तरी ह्याला मळी सोसेना.

संपत कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. घरचा मोठा बागायतदार, वडील सोसायटीचे चेअरमन होते, आता हा ग्रामपंचायतीत मेंबर. गेटवर आला तो कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाइल. मिलिंदला बघितलं आणि मेंबरकी क्षणात गळून पडली.

"आरं तिच्यायला, मिल्या! जिता हाईस व्हय! मला वाटलं, सोलापूरच्या उन्हानं वाळून गेलास."

कँटीनमध्ये बसवून त्यानं चहा आणि मिसळ मागवली. मिसळ कशी होती हे विचारू नका, मी खाणावळवाली आहे, माझ्या तोंडून वाईट शब्द नको. बँड कसा मोडला ते मी संपतला विचारलं. तो म्हणाला, "ह्या फेलिक्समुळं. ह्याला इंग्लिश गाणी वाजवायची व्हती." फेलिक्स उसळला, "झूट! ह्याचा बाप बोलला, ट्रॅक्टर नांगराला पाहिजे, गाण्याला नाही. तेव्हा मोडला." दोघांची अशी जुंपली की बाजूचे कामगार चहा हातात धरून ऐकत बसले.

मग मिलिंदच बोलला. शांतपणे, बशीकडे बघत. पुण्याला एका स्पर्धेत ते फायनलला पोचले होते. तिथल्या लोकांनी सांगितलं, ढोल चालणार नाही, आमचा ड्रमसेट आहे तोच वाजवा. बिरू महिनाभर कुणाकडं तरी जाऊन ड्रमसेट शिकला. पण स्टेजवर त्याला मागं उंच चौथऱ्यावर बसवलं आणि पुढं झांजांच्या मोठ्या थाळ्या. त्याला मिलिंदचे पाय दिसेनात. पहिल्या कडव्यात ताल सुटला, दुसऱ्यात गाणंच बंद पडलं. लोक हसले. बिरू काड्या ठेवून उठला, परत येताना गाडीत एवढंच म्हणाला, "मला पाय दिसत न्हवतं." पाटसला उतरला तो पुन्हा आला नाही.

"भांडण न्हाई, तंटा न्हाई," संपत म्हणाला. "भांडलो असतो तर बरं झालं असतं. भांडणारी मानसं परत बोलत्यात तरी."

बँडची एकच कॅसेट निघाली होती, बिरूच्या रानात टेप केलेली. ती कुठं आहे म्हणाल तर संपतनं ती एका वडापवाल्याला दिली होती. पाटस-दौंड जीपमध्ये ती इतकी वाजली, इतकी वाजली की शेवटी फीत झिजून तिच्यातून नुसती खरखर यायला लागली. म्हणजे मिलिंदचा आवाज आता फक्त मिलिंदच्या गळ्यात होता. हे माझ्या लक्षात आलं आणि मिसळ तशीच राहिली.

"बिरूचा नंबर हाय का?"

"नंबर न्हाई. पर उद्या तळेगावचा बाजार हाय. भाजी घेऊन येतोय त्यो. तितंच गाठा. मी शिफ्ट सुटली की मागनं गाडीवर येतो."

तळेगाव ढमढेरे

चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं भीमा ओलांडली आणि शिरूर तालुका लागला. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच कांदा, मध्येच फुलाला आलेली शेवंती. तळेगावच्या बाजारात पाऊल ठेवायला जागा नव्हती. मला बाजार फार आवडतो. कुठल्याही गावाचं पाणी बाजारात कळतं. इथली मेथी आमच्यापेक्षा कोवळी, वांगी मात्र काटेरी नाहीत, गुळगुळीत, तर्रीदार भाजीला चालायची नाहीत. गोडीशेव घेतली. गुळाच्या पाकातली ती जाड शेव आमच्याकडे फारशी मिळत नाही, मी खात खात चालत होते आणि फेलिक्स मला म्हणत होता, "ताई, आपण बिरूला शोधतो की खातो?"

भाजीच्या ओळी दोनदा फिरलो. बिरू दिसेना. शेवटी मेथीच्या जुड्या लावून बसलेल्या एका बाईला विचारलं, वडगाव रासाईचे बिरू येतात ना इथं?

तिनं आमच्याकडे नीट बघितलं. "त्यांची जागा हितंच माज्या शेजारी. पर आज न्हाई याचं. त्यांची भागूआजी गेली की. परवादिशी. चुलती त्यांची. सगळ्या भावकीला सुतक हाय."

मिलिंद पोत्यांच्या थप्पीला टेकून उभा राहिला. भागूआजीला तो ओळखत होता. पोरं रानात वाजवायला जायची तेव्हा तीच भाकरी-ठेचा घालायची, आणि मिलिंदला ती 'पाय आपटनारं पोरगं' म्हणायची.

सुतक म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. तेरावं होईपर्यंत ढोल खुंटीवरून निघणार नाही. आणि ऑपरेशन त्याच्या कितीतरी आधी. मला इतका संताप आला, कुणावर ते कळेना. म्हातारीवर तर नाहीच. देवावर म्हणा. अरे, आठ दिवस मागंपुढं केलं असतंस तर तुझ्या काय घरचं गेलं असतं?

"परत जाऊ, ताई," मिलिंद म्हणाला. "दुखवट्याच्या घरात काय तोंड घेऊन जायचं? गाणं म्हणायला आलोय म्हणून सांगायचं?"

"गाण्याला नाही जायचं," मी म्हटलं. "त्या बाईच्या हातचं खाल्लंयस ना? मग तिच्यासाठी जायचं. गाण्याचं नाव कुणी काढायचं नाही. आणि फेलिक्स, तू निघताना 'येतो' म्हणायचं नाही. दुखवट्याच्या घरातून उठताना तसं म्हणत नाहीत."

"मग काय बोलायचं?"

"काही नाही बोलायचं! एकदा तरी गप्प उठून ये."

वडगाव रासाई

आमच्याकडे भीमा उन्हाळ्याच्या तोंडाला वाळूची होते. इथं ती काठोकाठ होती, बंधाऱ्याच्या पाण्यानं. काठावर उसाचे फड, मोटारींचे पाइप, आणि गावाच्या कडेला बिरूची वस्ती. एकेकाळी ही माणसं मेंढरं घेऊन वर्षाचे आठ महिने कोकणापर्यंत फिरायची. आता रान आहे, स्लॅबचं घर आहे, आणि कुंपणाच्या वाड्यात थोडी मेंढरं तेवढी राखलेली.

बिरू अंगणात बसला होता. डोकं तासलेलं. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण मिलिंदला बघून ज्या माणसाचा हात डोक्यावरून फिरत फिरत थांबला तो बिरूच, हे सांगावं लागलं नाही. कुणी मिठी मारली नाही. मिलिंद त्याच्या शेजारी घोंगडीवर बसला. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, भावकीबाहेरचे लोक जेवण आणतात, आमच्याकडेही तसंच. मी पिशवीतल्या भाकऱ्या आणि चटणी आत बायांकडे दिल्या. त्यांनी त्या घेतल्या, डोळ्याला पदर लावला. माझाही पदर गेला. ओळख ना पाळख, पण बाई गेली की बाईला रडू येतं.

भागूआजीचा नवरा, म्हणजे बिरूचा चुलता, ओसरीवर पाय लांब करून बसला होता. सगळे त्याला आबा म्हणत. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "पाय आपटनारं पोरगं नव्हं ह्ये?"

"व्हय आबा," बिरू म्हणाला.

"म्हातारी लई इचारायची. म्हनायची, ती पोरं येत का न्हाईत? बिऱ्या सांगायचा, कामाला लागली आसत्याल." आबानं नाक शिंकरलं. "गळ्याला काय झालंय रं?"

मिलिंदच्या गळ्यावर गाठ दिसत होती. लपवायचं कसं? त्यानं सांगितलं. ऑपरेशनचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं. गाण्याचं नाव काढलं नाही. पण माझ्या मांडीवर टेपरेकॉर्डर होता. इतका वेळ मी तो पदराखाली झाकून बसले होते आणि त्याचं टोक बाहेर आलं होतं! बिरूनं ते बघितलं. मग भिंतीवरच्या खुंटीकडे बघितलं. तिथं ढोल लाल फडक्यात बांधून टांगला होता.

"ऑपरेशन फुडं ढकला की."

"नाही ढकलता येत."

"तेरावं झाल्यावर मी सोलापूरला यीन."

"तेव्हा आवाज नसेल, बिरू."

बिरूचं तोंड वेडंवाकडं झालं. "मिल्या, पुन्यात मी काड्या ठिवून उठलो त्ये ठीवलंच. ढोल पुन्यांदा फक्त देवाफुडं वाजवला. आज तू आलाईस, आन् आज ह्यो असा टांगलाय. काय करू सांग मी? चुलतीचं सुतक मोडू?"

"नको," मिलिंद म्हणाला. "मोडलंस तर मी गाणार नाही."

फेलिक्सला हे सोसेना, तो उठला आणि हात जोडून आबांना म्हणाला, "येतो." अख्ख्या अंगणानं श्वास रोखला. मी कपाळावर हात मारला. बजावून सांगितलं होतं मेल्याला! फेलिक्सला आपली चूक कळली, तो तिथंच मटकन खाली बसला. आणि आबा, ज्याची बायको परवा गेली होती तो आबा, खो खो हसायला लागला. हसता हसता रडला.

"म्हातारी असती तर ह्याला लाकडानं बडवला असता," तो म्हणाला. डोळे पुसून झाल्यावर बिरूकडे वळला. "बिऱ्या, वाद्याला हात लावायचा न्हाई. त्ये न्हाईच. पर गळ्याला कुनाची आडकाठी हाय? बाया पयल्या रातीपास्नं ओव्याच म्हनत्यात की. मेंढरं पान्यावर न्ह्यायची येळ झालीया. घिऊन जा ह्येला संगं. घरात नगं, अंगनात नगं. वाटंनं काय म्हनायचं त्ये म्हना."

उन्हं कलली होती. बिरूनं वाड्याचा झाप उघडला, मेंढरं बाहेर पडली, आणि आम्ही मागून निघालो. गिटार फेलिक्सनं ओसरीवरच ठेवली. मी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि पोटाशी धरला. मिलिंदनं गायला तोंड उघडलं तर आवाज निघेना. दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबला. "बिरू, ताल नाही तर उचलताच येत नाही रे."

बिरू मागं वळला नाही. पुढं चालता चालता म्हणाला, "ढोल न्हाई, पाय हायती की. माझं पाय बघ. मी चालतो तसा म्हन."

आणि तो चालायला लागला. मेंढरांमागं चालायची धनगराची चाल असते, लांब टांग, टाच आधी, एक लय धरून. वाट खडकाळ होती, वहाणा करकर वाजत होत्या. मिलिंद त्याच्या टाचांकडे बघत चालला. थोडा वेळ नुसताच चालला. मग त्यानं उचललं.

*थांब म्हणालास, थांबलो रे, मोठी गाडी गेली,*
*धुरळा बसला, उन्हं कलली, आमची येळ झाली,*
*आता तरी दावशील का रे हिरवा कंदील?*

पोराचा आवाज हा असा होता! लहानपणापासून त्याच्या गळ्यातून दूध-भात मागणारा, शेंबूड ओढणारा आवाज ऐकलेली मी. हा मला ठाऊकच नव्हता. वरच्या पट्टीत चढला की असा मोकळा सुटायचा, पलीकडच्या उसातल्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. फेलिक्स धुरपद धरून मागून गात होता, डोळ्यांतलं पाणी पुसायचीही शुद्ध नव्हती त्याला. नेमका त्याच वेळी माझ्या चपलेतून बाभळीचा काटा आरपार गेला आणि मी "अगं आई गं!" करून ओरडले. तेही टेप झालंय. दुसऱ्या कडव्याच्या आधी स्पष्ट ऐकू येतं. मिलिंद थांबला नाही, बिरू थांबला नाही, मग मीही लंगडत चालत राहिले.

पाण्याशी पोचलो तेव्हा गाणं संपलं. मेंढरं ओळीनं पाणी प्यायला लागली. संपत मोटारसायकल हाणत आला तो नेमका तेव्हाच. "झालं का रं?" म्हणाला. सगळे एकदम हो म्हणाले, आणि त्याचं तोंड असं पडलं की मिलिंदला त्याच्यासाठी शेवटचं कडवं पुन्हा म्हणावं लागलं.

सोलापूर

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधीच निघाली. बरेच दिवस मिलिंदला बोलायची बंदी होती, पाटीवर लिहून दाखवायचा. बंदी उठली तेव्हा जो आवाज आला तो जाड होता, खाली बसलेला, आणि वरच्या पट्टीत गेला की फाटायचा. वर्गात शिकवायला पुरतो, डॉक्टर म्हणाले. मिलिंद शिक्षक आहे, तेव्हा ते म्हणणं बरोबरच होतं. त्यानंही मान हलवली. पण रोज संध्याकाळी खाणावळीत येऊन बसायचा, आणि मी कॅसेट लावू का विचारलं तर नको म्हणायचा. एकदा तर उठूनच गेला. मला वाटायला लागलं, कशाला केली ती कॅसेट? आपलंच गेलेलं आपल्याला ऐकवायला?

तेरावं होऊन महिना झाल्यावर एका दुपारी, पोरांची जेवणाची पंगत उठत होती तेव्हा, दारात बिरू उभा. डोक्यावर केसांची खुंटं, खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेला ढोल. मी मिलिंदला निरोप धाडला. तो आला, बिरूला बघितलं आणि दारातच थांबला.

"कशाला आलास? आता काय उपयोग नाही," त्या जाड, फाटक्या आवाजात म्हणाला.

बिरूनं ऐकून घेतलं. खाली फरशीवर मांडी घातली, ढोल सोडला. "परत एकदा बोल."

"काय बोलू?"

"कायबी. आवाज ऐकतोय."

मिलिंद चिडून काहीतरी बोलला. बिरू ढोलाच्या दोऱ्यांतल्या कड्या एकेक करून सरकवायला लागला. एक कडी, मग थाप. मिलिंदकडं बघून मान हलवायचा, न्हाई, अजून. दुसरी कडी, थाप. कातडं सैल होत गेलं, आवाज खाली खाली येत गेला. जेवून उठलेली पोरं खरकट्या हातानं तशीच उभी. शेवटी एक थाप अशी पडली, जाड, घोगरी, छातीत उतरणारी.

"हां," बिरू म्हणाला. "तू जिथं हाईस, तितं आलो मी. आता म्हन."